फ्लॅशचा तक्ता आणि आत्याचे डोळे

कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक रिकामी खाच असते, आणि शेषगिरीरावांना रिकामं काही बघवत नसे. तंजावूरच्या पाटबंधारे कचेरीत एकतीस वर्षं हेडक्लार्की केलेला माणूस. फॉर्मातला एक रकाना कोरा राहिला तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. त्यामुळे मुलीनं, म्हणजे कोइंबतूरच्या शांभवीनं, आपला जुना फुल-फ्रेम कॅमेरा बापाच्या हाती दिला, तेव्हा त्यांचं बोट पहिल्यांदा गेलं ते त्या खाचेवर.

"इथें कांहीतरी बसतें," ते म्हणाले.

"फ्लॅश बसतो, अप्पा. पण तुम्हांला लागायचा नाही. हा कॅमेरा कमी उजेडातही चांगला काढतो. माणसाला उजेडाजवळ बसवा आणि दाबा."

'लागायचा नाही' हे शब्द शेषगिरीरावांनी नोकरीत पुष्कळ साहेबांच्या तोंडून ऐकले होते, आणि जे जे लागायचं नाही ते सगळं पुढं लागलं होतं. तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि मनात फ्लॅश घ्यायचं ठरवून टाकलं. (मान डोलावणं आणि ऐकणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्यांची बायको राजम लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात शिकली होती.)

कारण मात्र मिळत नव्हतं. ते तिरुवैयारुच्या बसनं आलं.

वसुमतीआत्या म्हणजे शेषगिरीरावांच्या वडिलांची धाकटी बहीण. वय एक्क्याऐंशी, अंगानं काडी, आवाजानं देऊळ दणाणेल अशी. तिरुवैयारुत साठ वर्षं गाणं शिकवत होती. बारा वाजता ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली, पुढं केलेल्या कॉफीच्या पेल्याला हात न लावता पिशवीतून जुना अल्बम काढला आणि शेषगिरीरावांच्या मांडीवर ठेवला.

"बघ. ह्यांत माझे डोळे कुठें आहेत तें दाखव."

शेषगिरीरावांनी पानं उलटली. लग्नात आत्याचे डोळे मिटलेले. त्यांच्या स्वतःच्या मुंजीत मिटलेले. कुणाच्या तरी डोहाळजेवणात, कुणाच्या साठीशांतीत, मिटलेले. शेवटी आत्यानं कमरेच्या बटव्यातून आधार कार्ड काढून अल्बमवर टाकलं. तिथंही ती गाढ झोपली होती.

"उजेड उडाला कीं माझे डोळे मिटतात रे. लहानपणापासून. आतां डॉक्टराने पुढच्या पुढच्या सोमवारची तारीख दिली आहे. उजव्या डोळ्याला सुरी लागायची."

"आत्या, मोतीबिंदू म्हणजे दहा मिनिटांचें काम."

"दहा मिनिटें त्याचीं. डोळा माझा." आत्यानं आधार कार्ड परत बटव्यात कोंबलं. मग म्हणाली, "मी गेल्यावर तुम्ही अस्के जण मिळून भिंतीवर माझें एक पटम लावणार, वर चंदनाचा हार घालणार. हें असलें पटम लावलेंत तर येणाराजाणारा म्हणेल, बाईचा फोटो गेल्यावर काढला वाटतें. मला माझ्या डोळ्यांचें एक पटम होणें आहे, शेषू. सुरी लागायच्या आधीं. माझे डोळे जसे आहेत तसे."

राजम हसली, आणि हसता हसता तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. शेषगिरीरावांनी अल्बम मिटला. हीच आत्या त्यांना आठव्या वर्षी गाणं शिकवायला बसली होती. तिची रीत अशी की ती शिकवताना डोळे मिटून बसायची आणि विद्यार्थी बेसूर झाला की तेवढ्यापुरते उघडायची. शेषू पुढं बसला की ते मिटायलाच सवड मिळत नसे. आठ महिन्यांनी तिनं भावाला निरोप पाठवला होता, "पोराला हिशेब शिकवा." तरीही जीव तिचा ह्याच भाच्यावर जास्त.

"काढतों आत्या. असा काढतों कीं पापणीचा केस न् केस मोजून घे." ते उठून उभे राहिले. "त्यासाठीं फ्लॅश लागेल."

"उजेड उडाला कीं डोळे मिटतात म्हणाल्या ना आत्ता त्या?" राजमनं विचारलं.

"वाईट फ्लॅशनें मिटतात," शेषगिरीराव म्हणाले. "आपण चांगला घेऊं."

आत्या तिथंच राहिली, ऑपरेशन तंजावूरलाच होतं. तेरा दिवस हातात होते. शेषगिरीरावांनी नवी वही काढली आणि कचेरीच्या शिस्तीनं तुलनात्मक तक्ता आखला. भाषा मराठी, अक्षरं तमिळ. पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरला राहिलेल्या ह्या मराठी घरात देवनागरी कुणाला धड वाचता येत नव्हती. आडवे सहा फ्लॅश, उभे नऊ रकाने: ताकद, वजन, डोकं किती फिरतं, परत भरायला किती वेळ लागतो, सेल किती, असं करत करत शेवटचा रकाना 'शेरा'. तो कोरा ठेवायचा. वस्तू वापरून, तिनं काम केल्यावरच शेरा मारायचा, हा त्यांचा नियम होता. आयुष्यात एवढा एकच कोरा रकाना त्यांना चालत असे.

फ्लॅशची ताकद एका आकड्यात सांगतात, तो आकडा कंपनी सोयीनं फुगवते, हे त्यांना तिसऱ्या दिवशी कळलं. चौथा दिवस त्या रागात गेला. पाचव्या दिवशी त्यांनी छत किती उंच आहे ते मोजलं, कारण उजेड छतावर आपटून खाली आणावा असं कुठंतरी वाचलं होतं. त्यांच्या दिवाणखान्याचं छत उंच आणि सागवानी कड्यांचं. शिडीवर उभं राहून त्यांनी खाली ओरडून विचारलं, "राजम, पांढरें मारायचें कां छत?" खालून नुसती शिडी थोडी हलली.

आत्या रोज सकाळी विचारायची, "आज काय रे?" आणि ते सांगायचे, "आज वजन झालें, आत्या. उद्यां डोकें." सातव्या दिवसापासून तिनं विचारणं सोडलं. ती उठून कॅलेंडरपाशी जायची, एक डोळा हातानं झाकून सोमवार शोधायची, मग दुसरा झाकून शोधायची. शेषगिरीरावांनी हे पाहिलं होतं. पण त्या वेळी ते सेलच्या रकान्यात होते.

दहाव्या दिवशी ते वही घेऊन वरुणरावांच्या दुकानी गेले. वरुणरावांनी चाळीस वर्षं लग्नांचे फोटो काढले होते आणि आता ते गुडघ्यांमुळे नुसतं सामान विकत. त्यांनी तक्ता आदरानं पाहिला, दोन पानं उलटली आणि वही मिटली.

"कुणाचा फोटो काढायचा?"

"आत्याचा. एक्क्याऐंशी वर्षें. उजेड उडाला कीं डोळे मिटतात."

वरुणरावांनी कपाटातून एक साधा, बुटका फ्लॅश काढला. "हा न्या. ह्याला अक्कल नाहीं. हातानें लावायचा, एकदांच उडतो. डोळा मिटेपर्यंत फोटो झालेला असतो."

'ह्याला अक्कल नाहीं' हे शेषगिरीरावांना अपमानासारखं लागलं. "आणि तो?" त्यांनी काचेआडच्या एका उंच, काळ्या, मान मोडून बघणाऱ्या फ्लॅशकडे बोट केलं.

"तो हुशार. आधीं अंदाज घेतो, उजेड किती होणें, किती पुरे, तें स्वतः ठरवतो, मग उडतो. मंडपांत चांगला. पण राव, तुमच्या आत्यासाठीं..."

"स्वतः ठरवतो?" शेषगिरीरावांचे डोळे चमकले. एकतीस वर्षांत स्वतः ठरवणारा माणूस त्यांना भेटला नव्हता. "तो द्या."

"अंदाज घेतो म्हणजे काय तें ऐकून तरी घ्या."

"तक्त्यांत आहे अस्कें," शेषगिरीराव म्हणाले. (तक्त्यात सगळं होतं, ते नव्हतं.)

शनिवारी दुपारी आत्या सजून बसली. मोरपंखी रंगाचं नऊवारी, राजमनं माळलेला मोगरा, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. पाठीमागं भिंतीवर सोन्याचा वर्ख लावलेलं बाळकृष्णाचं मोठं तंजावुरी चित्र, काचेच्या चौकटीत. शेषगिरीरावांनी फ्लॅश खाचेत सरकवला. टक् असा आवाज झाला आणि त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

"एक, दोन, तीन!"

घरात वीज पडली. फोटोत बाळकृष्णाच्या जागी सूर्य होता, आणि त्याच्याखाली डोळे मिटलेली आत्या. आत्याला तिथून उठवून साध्या भिंतीपुढं बसवलं. मिटलेले. तीन न म्हणता दोनवर दाबलं. मिटलेले. काहीच न म्हणता दाबलं. मिटलेले. राजमला मागं उभं करून तिच्याकडून आत्याला हाक मारवली. त्या फोटोत राजमचेही मिटले होते.

चाळीस फोटोंनंतर शेषगिरीरावांनी वरुणरावांना फोन लावला.

"मिटतातच," पलीकडून शांत आवाज आला. "सांगत होतों मी. तो दोनदां उडतो, राव. पहिल्यांदा बारीक, अंदाजासाठीं. आपल्याला कळत नाहीं इतकें झटकन. पण मिटणाऱ्या पापणीला कळतें. पहिल्या उजेडाला आत्याबाई डोळे मिटतात आणि दुसऱ्याला तो फोटो काढतो. डोळे मिटलेले फोटो काढायला त्याच्यासारखा दुसरा नाहीं."

सहा फ्लॅश, नऊ रकाने आणि दहा दिवस घालवून त्यांनी नेमकी हीच वस्तू निवडून आणली होती. शेषगिरीरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग आतां?"

"त्याची अक्कल बंद करा. हातानें लावा."

त्यांनी अक्कल बंद केली. पण तोपर्यंत आत्या शिकली होती. दर वेळी उडून झालं की फ्लॅश पुन्हा भरताना आतून अगदी बारीक 'कुंई' असा आवाज येतो. साठ वर्षं सुरात घालवलेल्या कानाला तो पुरेसा होता. कुंई थांबली की आता उडणार हे ओळखून ती आधीच डोळे घट्ट मिटून घेई. वर म्हणे, "तुझा हा डबाही बेसूर आहे रे. वरच्या गांधाराला जातो आणि उतरतो."

आणखी तीस झाले. शेवटी आत्यानं केसातला मोगरा सोडवला आणि मांडीवर ठेवला.

"पोदुम्, शेषू. पुरे. कांहीं माणसांचे डोळे फोटोंत यायचे नसतात. तूं वाईट वाटून घेऊं नको." आणि तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. आठव्या वर्षी गाणं बंद केल्यावर फिरवला होता तसाच.

शेषगिरीरावांना खरोखर लाज वाटली. दहा दिवस त्यांनी फ्लॅशकडे पाहिलं होतं. फ्लॅशचं वजन, मान, कंपनीचा आकडा, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. आत्याचे डोळे काळे की तपकिरी, हे विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. ती जवळच बसली होती, विचारलं असतं तर दाखवले असते. ते उठून मोरीत गेले आणि उगीचच बराच वेळ तोंड धूत राहिले.

रविवार उजाडला. उद्या ऑपरेशन. त्या दिवशी नेमकं दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज बंद राहणार होती. शेषगिरीरावांनी ठरवलं, शेवटचा प्रयत्न करायचा. कॅमेरा घेतला, फ्लॅश चढवला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. झाकण उघडून पाहिलं तर आत चारही घरं रिकामी.

"राजम! ह्यांतले सेल कुठें गेले?"

"आत्यांनी नेले. वीज नाहीं ना, त्यांच्या श्रुतिपेटीला लागत होते."

घराच्या मधोमध उघडा चौक, वर लोखंडी जाळी. त्या जाळीतून सकाळचा मऊ उजेड सरळ खाली उतरला होता, आणि त्या उजेडात चटईवर आत्या बसली होती. साधं सुती पातळ, ओले केस. पुढं तिची डबीएवढी इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी शेषगिरीरावांच्या सेलवर एकसुरी गुणगुणत होती. आत्या डोळे मिटून सरळी म्हणत होती, लहान मुलांना पहिल्या दिवशी शिकवतात तीच, सा रि ग म. एक्क्याऐंशी वर्षांची बाई ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पहिला धडा म्हणत होती. तिला भीती वाटत होती, हे शेषगिरीरावांना तेव्हा कळलं.

सेल मागायला गेलेला माणूस दारातच थांबला. मग त्यांनी कॅमेरा बायकोच्या हातात दिला.

"हा धर जरा."

"फ्लॅश काढून टाकूं? जड आहे."

"काढ," ते म्हणाले. आणि जाऊन आत्याच्या समोर मांडी घालून बसले.

फोटोचा विचार त्यांच्या मनात नव्हता, हे राजम आजही शपथेवर सांगते. त्यांना वाटलं, आत्या एकटी म्हणते आहे, तर आपण साथ द्यावी. त्यांनी डोळे मिटले, पाठ ताठ केली, आणि बावन्न वर्षांनी अगदी पोटापासून सूर लावला. सा बरा लागला, निदान त्यांना तसं वाटलं. पुढं आला रि. हाच तो रि. पहिले धडे ज्यात शिकवतात त्या मायामाळवगौळ रागातला कोमल, खालच्या पायरीवरचा रि, ज्याच्यापाशी आठव्या वर्षी त्यांचं शिक्षण थांबलं होतं. त्यांनी तो जिवाच्या आकांतानं लावला.

आत्याचे डोळे खाडकन उघडले.

असे उघडले की राजम पुढं म्हणाली, मला वाटलं त्या उठूनच येतात. काळेभोर, मोठे, एक किंचित धुरकट, पण दोन्ही पेटलेले. त्यांत संताप होता, आश्चर्य होतं, बावन्न वर्षांत काडीचाही फरक नाही ह्याचा धक्का होता, आणि त्या सगळ्याच्या खाली, ह्या गाढवावर जडलेला जीवही होता. पापणी हलायला विसरली. राजमच्या हातात कॅमेरा होता. तिनं माणसाला उजेडाजवळ बसवायचं काम केलंच नव्हतं, ते आपोआप झालेलं होतं. तिनं नुसतं दाबलं.

शेषगिरीरावांनी डोळे उघडले तेव्हा आत्या त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"बरें लागलें कां, आत्या?" त्यांनी आशेनं विचारलं.

आत्यानं श्रुतिपेटी बंद केली. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि बऱ्याच वेळानं ती एवढंच म्हणाली, "आतां उद्यांची भीति नाहीं रे. ह्याच्याहून वाईट काय व्हायचें?"

ऑपरेशन दहा नाही, बारा मिनिटांत झालं आणि चांगलं झालं. दरम्यान फोटो कोइंबतूरला पोचला होता. शांभवीचा फोन आला. "अप्पा, काय डोळे आलेत! ह्या डोळ्यांपुढें बसणाऱ्याचें कांहीं खरें नाहीं. कुठला फ्लॅश वापरलात?"

शेषगिरीरावांनी घसा खाकरला. "त्याचें असें आहे..." त्यांनी सुरुवात केली, आणि राजम आतून मोठ्यानं खोकली. तेव्हा त्यांनी हवापाण्याचं विचारलं आणि फोन ठेवला.

फोटो मोठा करून चौकटीत बसवला. "मी जायची वाट कशाला बघतां? आतांच लावा," असं म्हणून आत्यानं तो तिरुवैयारुच्या आपल्या शिकवणीच्या खोलीत नेला. तिथं त्याच्याखाली बसणारी मुलं आता सहसा बेसूर होत नाहीत म्हणे. पण ही पुढची गोष्ट.

जायच्या आधी, डॉक्टरांनी काळा चष्मा काढायची परवानगी दिली त्या सकाळी, आत्यानं नवा डोळा तपासायचा म्हणून काहीतरी बारीक वाचायला मागितलं. राजमनं हाताला लागली ती वही दिली. आत्यानं तक्ता शेवटपर्यंत, एकही ओळ न चुकता, दुसरा डोळा हातानं झाकून वाचला. शेषगिरीरावांच्या जिवात जीव आला. मग तिनं पेन मागून घेतलं, मान वाकवून शेवटच्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि वही मिटून ठेवली.

आत्याची बस सुटल्यावर शेषगिरीरावांनी वही उघडली. सहा फ्लॅशच्या खाली सातवी ओळ घातलेली होती, आणि त्यांनी मुद्दाम कोरा ठेवलेला शेऱ्याचा रकाना टपोऱ्या, सरळ, न थरथरणाऱ्या तमिळ अक्षरांत भरला होता:

'शेषूचा गळा. वजन नाहीं. सेल लागत नाहींत. डोळे हमखास उघडतात. मात्र एका वेळीं एकदांच वापरावा.'